तुळजाजींनी उपटलेल्या खुंट्या

चेन्नईत पस्तीस वर्षं बँकेत काढली, पण मी ठोकलेल्या खुंट्या मला न विचारता उपटणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. तुळजाजी! जातिवंत तंजावरी मराठी मिस्त्री, वय सत्तरीच्या पुढे, लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, गालात पान. आणि हट्टी किती, विचारू नका.

शैलाला, माझ्या बायकोला, समुद्राचं भारी वेड. पण गुडघे गेल्यापासून मैलापूरच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरातून ती फारशी उतरतच नव्हती. तिला खुर्चीत बसून लाटा बघता याव्यात म्हणून मी शहराच्या दक्षिणेला किनाऱ्यावर जागा घेतली. घराच्या पायासाठी खुंट्या मी स्वतः ठोकल्या, पार पाण्याच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी बघतो तर काय, खुंट्या पार मागे, रस्त्याला चिकटून!

"अहो, कुणी सांगितले होते हे उद्योग?" मी भडकलो. "सरकारी नकाशात बांधकामासाठी आखलेल्या रेघेच्या आत आहे मी!"

"अय्यो राव, तो नकाशा कधीचा?"

"असेल दहा-बारा वर्षांचा. त्याचं काय?"

"चला माझ्यासंगे."

तणतणत गेलो. म्हाताऱ्याने भर उन्हात अर्धा तास वाळू तुडवायला लावली. पुढे लाटांमध्ये विटांचं एक गोल बांधकाम उभं होतं, धुराड्यासारखं.

"आमच्या परसातली विहीर," तुळजाजी म्हणाले. "मीच बांधली. घर याच्याही पुढे होते."

मघाशी आवाज चढवला त्याची लाज वाटली. परतताना मी एवढंच म्हणालो, "मागे तर मागे, बांधा."

पण तुळजाजी घर खांबांवर उचलणार होते, खालून पाणी जायला वाट हवी म्हणून. म्हणजे जिना आला. मग शैलाचं काय? तुळजाजींनी जिना रद्दच केला आणि लांबलचक उतार आखला. शैलाला बोलावून माझ्या हाताला धरून जमिनीवर तेवढं अंतर चालायला लावलं. तिला जिथे धाप लागली तिथे खडूने खूण केली. "येथे बाक," म्हणाले. असे तीन बाक झाले.

गेल्या डिसेंबरात वादळ आलं. पाणी घराखालून आलं तसं गेलं. सकाळी शैला वर खुर्चीत बसून कौतुकाने समुद्र बघत होती.

"अहो, तुम्ही माझी खुर्ची कुठे मांडणार होतात?"

मी बोट दाखवलं. तिथे वाळूच उरली नव्हती, एक मोठी लाट फुटत होती. मग शैलाची नजर उताराकडे गेली. आमची विचारपूस करायला निघालेले तुळजाजी धापा टाकत दुसऱ्या बाकावर बसले होते.

"बघत काय बसलात?" ती मला म्हणाली. "आधी त्यांना कॉफी नेऊन द्या."