आत्यानं गाणं का सोडलं

नोएडातल्या एका ऑफिसात मी जुनी संगीत मासिकं स्कॅन करते. गेल्या थंडीत तिथे एका हिंदी अंकात मला माझी आत्याच सापडली. कॅसेटच्या काळात छोट्या कंपन्या गाजलेली सिनेमाची गाणी दुसऱ्या कुणाकडून तरी हुबेहूब गाऊन घेत आणि स्वस्तात विकत. आत्यानं तशी पुष्कळ गायली. मग एकदम बंद केलं. मुलाखतीत तिच्या नावानं कारण छापलं होतं: घसा कायमचा बिघडला, डॉक्टरांनी मनाई केली.

मला ते पटेना. तिनं गाणं सोडलं त्या वर्षी मी तिच्याकडेच राहून शाळेत जायचे. दुपारी घरात आम्ही दोघीच असलो की दुसऱ्या मजल्यावरून ती भाजीवाल्याला हाक मारायची ती गल्लीच्या टोकापर्यंत पोचायची. शिवाय मुलाखतीसोबतच्या फोटोत तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, ऐटीत पुढे बसलेले आणि आत्या मागे दारात, हातात चहाचा ट्रे. मी मनाशी निकालच लावला, की काकांनीच हिचं गाणं बंद केलं.

रविवारी त्या पानाची प्रिंट घेऊन दिल्लीतल्या द्वारकेला त्यांच्या घरी गेले.

"काका, ही उत्तरं कुणी दिली?"

"मीच. तिला बोलायची बंदी होती ना," काका म्हणाले. "फार वाईट वाटलं गं. चांगला जम बसला होता तिचा."

"डॉक्टर कोण होते?"

"आता कुठे आठवतंय? मी बरोबर गेलोच नव्हतो."

माझा संशय आणखीच वाढला. आत्या प्रिंटकडे न बघताच स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले.

"काकांनी सोडायला लावलं ना तुला?"

"काहीतरीच! ते तर मला स्कूटरवरून स्टुडिओत न्यायचे, बाहेर तासन्‌तास बसायचे." तिनं गॅस बारीक केला. "डॉक्टर कुणी नव्हताच. घसा गेला असं मीच सांगितलं. रोज दुसरीच्या आवाजात गायचं, श्वाससुद्धा तिच्यासारखा घ्यायचा. एकदा घरी कपडे वाळत घालताना सहज गुणगुणले, तर तेही तिच्याच आवाजात. घाबरले मी."

"मग त्यांना खरं का नाही सांगितलंस?"

"केवढा अभिमान होता त्यांना! कुठल्या तोंडानं सांगणार?"

"इतकी वर्षं?"

"हळू बोल."

बाहेरून काकांनी आवाज दिला, "अगं, तिला फार बोलायला लावू नकोस. संध्याकाळी घसा बसतो तिचा."

आत्या खोकली. चांगला कोरडा, खोलवरचा खोकला. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तो खोकला खरा होता की काकांसाठी होता, मला अजिबात ओळखता आलं नाही. आत्ता ओट्याशी तिनं मला जे सांगितलं तेही खरंच का, असं क्षणभर वाटून गेलं.

तिनं दोन बशांत पोहे वाढले. एक माझ्या हातात दिली, दुसरी घेऊन ती काकांकडे गेली.