तीन चुळा

नलूताईंचं नाव आधी घेते. बाकीच्यांचं काय ते मग सांगते.

घाटकोपरला गल्लीच्या तोंडाशी त्यांचा लग्नाच्या व्हिडिओंचा स्टुडिओ होता. स्टुडिओ कसला, एक गाळा. त्यातच कॉम्प्युटर, त्यातच स्टोव्ह. मी हिंगोलीकडची. नववीत शाळा सुटली आणि आत्याच्या ओळखीने मुंबईत आले, तेव्हा माऊस कसा धरतात हेही मला माहीत नव्हतं. नलूताई मालवणच्या. त्यांनी मला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, कानाला हेडफोन लावला. आडनाव विचारलं नाही. कितवी शिकलीस, विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "चेडवा, कापूच्या आधी सगळा आयकूक व्हया. नको आसात ता पण."

व्हिडिओ कापायच्या आधी सगळं ऐकायचं, नको असेल ते पण. त्या एका वाक्यावर मी आज पोट भरते. जाहिरातींचे व्हिडिओ करते. ऑफिस नाही, साहेब नाही. काम मिळेल तिथे मीच डिरेक्टर, मीच एडिटर. आणि त्याच वाक्यामुळे मला ते ऐकावं लागलं.

बोरिवलीचं घर. तीन पिढ्या तिथेच. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, लोणची करून विकणारं कुटुंब. आता त्यांना इंटरनेटवर उतरायचं होतं, म्हणून तीन मिनिटांची फिल्म हवी होती. मुलगा निनाद, माझ्याच वयाचा. त्याची बायको. आणि आई, ज्यांना सगळे काकू म्हणत. शेवटी काकूंनी कॅमेऱ्यात बघून एक वाक्य म्हणायचं होतं: "आपल्या माणसांच्या हातची चव." वाक्य निनादने लिहिलं होतं. मला आवडलं होतं. खोटं कशाला बोलू.

फिल्मच्या शेवटी दिग्दर्शक म्हणून माझं नाव येणार होतं. जाहिरातीवर कुणाचं नाव येत नाही, पण ही घरच्यांची फिल्म, म्हणून निनाद तयार झाला. मला ते हवंच होतं. अंधेरीच्या एका मोठ्या एजन्सीतल्या बाईंनी सांगितलं होतं, नाव असलेलं एक काम घेऊन ये, मग बोलू. नऊ वर्षं मी दुसऱ्यांची लग्नं, दुसऱ्यांचे फ्लॅट, दुसऱ्यांची दुकानं सुंदर करत होते. नाव कशावरच नाही. माझ्या कार्डावरसुद्धा नुसतं पहिलं नाव. आडनाव मी खिशात ठेवायचे. का, ते ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

सकाळी पहिलाच शॉट थालीपीठ थापायचा. ओल्या फडक्यावर गोळा, बोटांनी गोल पसरायचा, मधे भोक पाडायचं. काकूंची बोटं सांध्यांनी आखडलेली. सुनेची नखं लांब, चिकटवलेली. दोनदा थापलं, दोनदा फाटलं. मी म्हटलं, मी करते. आमच्या लाईनीत हे नेहमीचंच. चेहरा एकाचा, हात दुसऱ्याचे. हिरव्या बांगड्या चढवल्या आणि बसले. आईच्या भाकरी बघत मोठी झालेली मी. हात आपोआप फिरला. सौरभ कॅमेऱ्यावर होता, म्हणाला, "झकास. हाच टेक."

काकूंनी ते थालीपीठ लोण्याबरोबर तिथेच खाल्लं. "अगंबाई, किती नेटकं थापतेस गं! आमच्या सुनेला शिकव जरा." माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी विरघळले. मी अशीच. कुणी खुर्ची दिली तरी आधी थँक्यू म्हणते आणि मग ती कधी काढून घेतील याची वाट बघत काठावर बसते.

जेवणाच्या आधी काकूंच्या पदराला छोटा माईक लावला. त्यांची मुलाखत जेवणानंतर होती, पण तेव्हा पुन्हा धावपळ नको. आवाजाचं मशीन मी चालू केलं. ते एकदा चालू केलं की काम संपेपर्यंत बंद करायचं नाही, ही नलूताईंची शिस्त.

मग काकू सहज बोलत्या झाल्या. गाव कुठलं तुझं? मी सांगितलं. घरी कोण असतं? सांगितलं. "आणि आडनाव काय म्हणालीस?"

मी म्हणालेच नव्हते. आता म्हणाले.

"अस्सं," काकू म्हणाल्या. हसल्यासुद्धा. मग म्हणाल्या, "तुम्हाला बाहेर बाल्कनीत बरं पडेल ना जेवायला? वारा येतो."

सकाळपासून मी 'तू' होते. पाठीवर हात होता. एका आडनावात मी 'तुम्ही' झाले आणि बाल्कनीत गेले. सौरभला टेबलावर स्टीलचं ताट. मला कागदी प्लेट. प्लेटमध्ये मघाचं थालीपीठ नव्हतं, बाहेरून मागवलेला पुलाव होता. मी तो खाल्ला. "छान आहे हो," असंही म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

जेवणानंतर मुलाखत. काकू खिडकीपाशी बसल्या, उजेड सुंदर पडला होता. कॅमेऱ्यात बघून म्हणाल्या, "आपल्या माणसांच्या हातची चव." डोळ्यांत पाणी आणलं. मी कॅमेऱ्यामागून ओरडले, "खूप छान, काकू! थँक्यू!"

ते थँक्यूही मशीनमध्ये गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नलूताईंच्या गाळ्यात फिल्म कापायला बसले. त्यांनी धंदा बंद केलाय, पण गाळा माझ्यासाठी ठेवलाय. मी हेडफोन लावला. सगळं ऐकायला लागले. नको ते पण.

आधी भांड्यांचा आवाज. मग काकू, स्वयंपाकघरात. पदराचा माईक त्या विसरल्या होत्या.

"मी खाल्लं रे त्यातलं. चांगले चार घास खाल्ले."

निनादचा आवाज, "आई, हळू. बाहेर आहे ती."

"हळू काय! आधी सांगायचं नाही का आडनाव? ते उरलेलं पीठ वॉचमनला देऊन टाक. परात घासू नकोस, टाकूनच दे. जुनीच झाली होती."

सून हसली. "तरी मला वाटलंच होतं, हात बघून."

मग नळ. मग चूळ भरल्याचा आवाज. खळखळ, आणि थुंकल्याचा. पुन्हा नळ. पुन्हा चूळ. तिसऱ्यांदा. माईक गळ्याशीच, त्यामुळे आवाज इतका स्वच्छ, जणू त्या माझ्या कानात थुंकत होत्या. मग पावलं. खुर्ची ओढल्याचा आवाज. माझाच गोड आवाज, "रेडी, काकू?" आणि मग ते वाक्य. आपल्या माणसांच्या.

मला ओकारी आली. खरी. मोरीत जाऊन ओकले. त्या बाईची किळस आली, हे आहेच. पण त्याहून जास्त त्या गोड आवाजाची आली. माझ्या.

नलूताई बाजूला शेंगा सोलत होत्या. काही न विचारता त्यांनी दुसरा हेडफोन लावला आणि ऐकलं. शेवटपर्यंत. हेडफोन काढून म्हणाल्या, "तू कित्याक भियतंस गो? भियाक त्यांका व्हया." आणि पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

फिल्म मी पूर्ण कापली. नीट कापली. कामात राग मिसळायचा नाही, हेही त्यांनीच शिकवलंय. आणि बोरिवलीला दाखवायला गेले.

हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर सगळ्यांनी बघितली. निनाद म्हणाला, "कट मस्त आहे. फक्त ते हातांचे शॉट बदलूया. माझी मावसबहीण येईल, तिचे घेऊ. हे हात आईच्या चेहऱ्याशी मॅच होत नाहीत. रंग वेगळा वाटतो."

"रंग मला मशीनवर जुळवता येतो. पाच मिनिटांचं काम आहे," मी म्हटलं. "खरं कारण सांगा."

"खरं कारण म्हणजे? हेच. आम्ही तसलं काही मानत नाही हां, प्लीज. माझे किती मित्र आहेत."

काकू मधे पडल्या. "राग मानू नका हो. तुमचं काम छानच आहे. कौतुकच वाटतं आम्हाला, कुठून कुठे आलात तुम्ही."

मला वाटलं होतं, मी ओरडेन. किंवा रडेन. काहीच झालं नाही. मी म्हटलं, "काकू, तुम्ही तीन चुळा भरल्या."

त्यांचा हात पदरावर गेला. जिथे माईक होता, नेमका तिथेच.

टीव्हीवर फिल्म थांबलेली होती. स्क्रीनभर माझे हात, भाजणीने माखलेले.

लाज कुणाला वाटली असेल, तर मला दिसली नाही. सून उठून आत गेली. निनाद म्हणाला, "हे रेकॉर्डिंग बेकायदेशीर आहे. आत्ताच्या आत्ता डिलीट कर." आता मी परत 'तू' झाले होते. "करिअरचा विचार कर. अंधेरीत आमच्या ओळखी आहेत."

मी म्हटलं, "हात राहतील. आणि खाली माझं नाव जाईल, आडनावासकट. चालत नसेल तर फिल्म माझ्याकडून होणार नाही. शूट केलेलं सगळं तुम्हाला मिळेल. माझे हात सोडून."

"एका शॉटसाठी एवढं?"

"हो. एका शॉटसाठी."

लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरले. खाली वॉचमन डबा उघडून बसला होता. त्या दिवशीचं पीठ त्याला मिळालं का, विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. सौरभचा फोन आला, "यार, एवढं लोड कशाला घेतेस?" सौरभ टेबलावर जेवला होता. त्याला सांगून काय कळणार होतं.

ती फिल्म त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतली. फोनवर फिरते. हात गोरे, सुबक. थालीपीठ कडेला फाटलंय, पण ते कोण बघतंय. काकू खिडकीपाशी बसून तेच म्हणतात, तेच पाणी डोळ्यांत. तो उजेड मी निवडला होता. फिल्म चांगली झालीय, आणि लोक खाली लिहितात, आजीची आठवण आली. बघताना मला फक्त नळ ऐकू येतो.

अंधेरीच्या बाईंना दाखवायला माझ्याकडे अजून काहीच नाही. त्यांना मी तसं कळवलं, खाली पूर्ण नाव लिहून. नवी कार्डं छापली, त्यावरही पूर्ण नाव. पहिल्यांदा कुणाला देताना अंगठा आपोआप आडनावावर गेला. तरी दिलं. इथून पुढे कुठल्याही घरात पाय ठेवायच्या आधी आडनाव सांगणार. ज्यांना परात टाकायची असेल त्यांनी मी यायच्या आधी टाकावी. आणि बाल्कनीत मी आता फक्त कॅमेरा लावीन, जेवणार नाही.

नलूताईंचे हात हल्ली थरथरतात. माऊस धरवत नाही. अर्ध्या घाटकोपरची लग्नं त्या हातांनी जोडली आणि एकाही कॅसेटवर त्यांचं नाव नाही. मंगल कार्यालयात त्यांनाही शेवटच्या पंगतीनंतर बसवायचे, हे त्यांनी मला त्या दिवशी, ते रेकॉर्डिंग ऐकल्यावर सांगितलं. इतकी वर्षं सांगितलं नव्हतं.

नलूताई, एक फिल्म मी तुमच्यासाठी करणार आहे. तिच्यात चेहरा ज्याचा, हातही त्याचेच असतील. पहिला शॉट तुमच्या हातांचा. थरथरतात तसेच, एकही फ्रेम न कापता. आणि शेवटी दोन नावं येतील, तुमचं आणि माझं. पूर्ण.