ध्रुवीकरण करून पाहा

परवा अकोल्याच्या पेट्रोल पंपावर गॉगल न काढताच मोबाईल आडवा धरला, पडदा काळाकुट्ट झाला आणि मला बाळापूरच्या शाळेतलं विज्ञान प्रदर्शन आठवलं. मी तिथे शिकवायचे. निवडणुकीचे दिवस, पत्र्याखालचा उकाडा, ओल्या डिंकाचा वास, आणि माझ्या टेबलामागे मुलींनी हौसेने रंगवलेला तक्ता: ‘ध्रुवीकरण करून पाहा’. शाळा समितीतले एक काका तो वाचून थेट अंगावरच आले. “मॅडम, आचारसंहिता लागली हाये अन् तुमी शायेत ध्रुवीकरण करून राह्यल्या? काढा पह्यले थो तक्ता!” गर्दी जमली, मुलींचे चेहरे उतरले आणि माझं डोकं सणकलं. “तक्ता निघणार नाही. आधी हे धरा,” म्हणत मी पोलराइज्ड गॉगलच्या दोन सुट्या काचा त्यांच्या हातात कोंबल्या. एकीवर दुसरी आडवी धरून त्यांनी खिडकीकडे पाहिलं, तर मिट्ट काळोख. “हे प्रकाशाचं ध्रुवीकरण, काका. आता मधे ही सरकवा.” एका मुलीने कंपासपेटीतली साधी पारदर्शक पट्टी पुढे केली. ती तिरकी आत जाताच काळोखात निळे, हिरवे, केशरी पट्टे झळाळून उठले. “अबे!” काका ओरडलेच, “याच्यात तं सगळेच रंग हायेत!” तक्ता राहिला. काकाही राहिले, संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलाशी उभे राहून, येणाऱ्या प्रत्येकाला हाका मारत, “या ना बाप्पा, ध्रुवीकरण करून पाहा!” पंपावर मागचा हॉर्न वाजवत होता आणि मी एकटीच हसत होते. भर आचारसंहितेत ध्रुवीकरणाचा इतका उघड प्रचार अख्ख्या वऱ्हाडात दुसऱ्या कुणी केला नसेल!