‘दिसत नाही’ म्हणायला शिकवणारी तारामती

मला कुणाच्या घरात डोकावायची सवय नाही. तारामतीचं दार माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आहे आणि कणीक मला तिथेच मळावी लागते, एवढंच. त्यामुळे बरकतपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत तिच्याबद्दल काही विचारायचं झालं, तर लोक तिला सोडून मला विचारतात.

तारामती साड्यांना फॉल-पिको करते. नवरा सूर्यभान सरकारी कचेरीत शिपाई. स्वभावाने इतका गरीब, की घरात मांजर आली तरी उठून खुर्ची देईल. लेक संघमित्रा, आमची मित्रा. पोरीला जन्मापासून अंधुक दिसतं, चष्म्यानेही फरक पडत नाही. पुस्तक नाकाला लावून वाचते, तेही अक्षर ठळक असेल तर. पण कान असे, की गल्लीच्या तोंडाशी कुणाची स्कूटर वळली ते घरात बसून सांगते. एकदा ऐकलं की पाठ. भीमजयंतीला स्टेजवर कागद न घेता भाषण ठोकते, आणि परभणीकडचे पाहुणे म्हणतात, काय हुशार पोरगी, कागदाकडे बघतसुद्धा नाही. बघून करणार काय होती?

नववीपर्यंत त्या कानांवर भागलं. दहावीला बोर्डाची परीक्षा. हेडमास्तरीणबाईंनी तारामतीला बोलावून स्पष्ट सांगितलं, “मित्रा तोंडी सांगेल आणि दुसरी मुलगी लिहील, असं करता येतं. जादा वेळही मिळतो. पण अपंगत्वाचा दाखला पाहिजे. त्याशिवाय मी परीक्षेला बसवणार नाही, शाळेचा निकाल पडतो.” म्हणजे दाखला नाही तर दहावी नाही, आणि पोरगी घरी.

दाखला मिळतो सरकारी दवाखान्यातल्या कॅम्पात. आता आमच्या लोकांची एक खोड आहे. समोर डॉक्टर असो की सोयरा, कुणी पोर बघायला बसलं की पोर चमकलंच पाहिजे. तारामतीने मित्राला नवा ड्रेस शिवला, दोन वेण्या घातल्या आणि बजावलं, “साहेब विचारतील त्याचं फटाफट उत्तर द्यायचं. अडखळायचं नाही.” मीही खिडकीतून म्हटलं, “आणि हसून बोल गं.” जणू पोरगी दाखवायलाच निघाली होती.

रांगेत पुढची पोरं भिंतीवरचा तक्ता मोठमोठ्याने वाचत होती. मित्राचा नंबर येईपर्यंत तक्ता वरपासून खालपर्यंत तिला पाठ. डॉक्टरांनी “पढो” म्हणायचा अवकाश, हिने सगळा घडाघडा म्हणून दाखवला. मागे ही गर्दी. डॉक्टर म्हणाले, “अम्मा, बच्ची की नजर तो अच्छी है. जाओ.”

आणि तारामती घरी आली ती छाती फुगवून. “ताई, एक अक्षर चुकली नाही बघा.”

“अगं शहाणे, मग दाखला?”

ती उंबऱ्यावरच बसली.

आंध्र फुटून आमचं नवं राज्य झालं, ते दिवस. पाट्या बदलत होत्या, सूर्यभानच्या कचेरीत तर खुर्च्यांचीसुद्धा वाटणी चालली होती. एकदा परत पाठवलं की पुन्हा तपासणीला परवानगी लागते; ती देणारा दवाखान्याच्या कचेरीतला साहेब आंध्राच्या वाट्याला गेलेला, नवा अजून आलेला नाही. “रेपु रा अम्मा”, उद्या ये बाई, हे ऐकून ऐकून तारामतीचं तेलुगू फार सुधारलं. त्या कचेरीत ती जायची ती पिशवीत साड्या घालूनच. व्हरांड्यात बसून हाताने फॉल लावायची. शेवटी कचेरीतल्या बायकाच तिला आपल्या साड्या देऊ लागल्या.

मी चिडवायची, “तारे, आता पाटी लावून घे, फॉल-पिको, सरकारमान्य.”

“हसा ताई. पुढचा कॅम्प कधी, ते मला साहेबाच्या आधी कळतंय.”

आणि खरंच कळलं. त्या बायकांनीच परवानगीचा कागदही नव्या साहेबासमोर सरकवला.

कॅम्पाच्या आदल्या संध्याकाळी मायलेकींचं वाजलं. मी कणीक मळत होते.

“म्हणजे मुद्दाम चुकू मी?” मित्रा विचारत होती.

“चुकू नको. दिसेल तेवढंच सांग.”

“सगळ्यांसमोर? पोरं हसतील.”

“हसू दे.”

“तुला लाज नाही वाटणार?”

तारामतीचं मशीन थांबलं. “वाटायची,” ती म्हणाली. “पाहुण्यांसमोर तुला बिनकागदाचं उभं करायची, ती त्यापायीच. आता नक्को ते.”

 माझ्या हातून पाणी जास्त पडलं, कणीक सैल झाली.

दुसऱ्या दिवशी मी सोबत गेले. काय होतं ते दुसऱ्याकडून ऐकायची मला सवय नाही. रांग तशीच, तक्ता तोच, डॉक्टरीणबाई मात्र नव्या. मित्रा पुढे झाली.

“पढो बेटा.”

तारामतीने माझा दंड असा आवळला की वळ उठला.

“मॅडम, पूरा याद है,” मित्रा म्हणाली. “दिखता एक भी नै.”

रांगेत कुणी हसलं नाही. बाईंनी मित्राला जवळ बसवलं, आधी बोटं दाखवली, मग डोळ्यांत औषध घालून सावकाश तपासलं. दाखला मिळाला.

दहावीच्या पहिल्या पेपरला आम्ही दोघी केंद्राच्या गेटाशी उभ्या होतो. सगळी पोरं बाहेर पडली तरी मित्राचा पत्ता नाही. जादा वेळेतली मिनिटन् मिनिट वसूल करत असणार, आईवर गेलेली. शेवटी तिचा पेपर लिहिणारी नववीतली नागमणी मनगट झटकत बाहेर आली.

“आंटी, मित्रा अक्का रुकतीच नै. हात दुख गया मेरा.”

तारामतीने पोरीचं मनगट हातात घेतलं आणि चोळू लागली. “उद्या हळू सांग म्हणते हो तिला,” ती म्हणाली. एरवी या बाईचा आवाज माझ्या खिडकीतून ऐकायला मला कान टवकारावे लागतात. हे वाक्य मात्र तिने असं म्हटलं, की रस्त्यापलीकडचा पोलीससुद्धा वळून बघायला लागला.