ओळंब्याची भरीव भिंत

आमच्या मेहुण्याला सगळे ओळंबा म्हणतात. धंद्याने गवंडी. आमच्याकडे आला की बहिणीची खुशाली विचारायच्या आधी दाराची चौकट किती कललीय ते सांगतो. चाळीस वर्षांत त्याने एकाही भिंतीत पोकळी ठेवली नाही. पोकळीला तो सरळ खोटेपणा म्हणतो.

तर झालं असं, की सरकारने नियम काढला. नव्या घराच्या बाहेरच्या भिंती दुहेरी बांधायच्या आणि मधे दोन इंच जागा रिकामी सोडायची. मधल्या हवेमुळे ऊन आत पोचत नाही, पंखा कमी फिरतो, वीज वाचते. हे केलं तरच पूर्णत्वाचा दाखला, आणि दाखला असेल तरच विजेचं मीटर. नेमकं तेव्हाच ओळंब्याच्या थोरल्या लेकीच्या घराचं काम निघालं. भाड्याची खोली तिला मेअखेर सोडायची होती. बांधणारा अर्थात बापच.

नकाशा बघून तो मला म्हणाला, "दाजी, भिंतीत काही घालू नका म्हणतात."

"मग नको घालूस."

"माझ्या लेकीच्या भिंतीत?"

मी विषय सोडला. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण माणसं ओळखतो असा माझा समज होता.

दिवसभर मजुरांसमोर तो नकाशाबरहुकूम दोन इंच सोडून भिंती चढवायचा. संध्याकाळी मजूर गेले की एकटा मागे राहायचा आणि तेवढी जागा विटांचे तुकडे आणि सिमेंटचा पातळ माल ओतून, सळईने ठोसून भरून काढायचा. लेकीला वाटे, बाबा भिंतींना पाणी मारतायत. लोक कामात चोरी करतात ती माल कमी घालून. याने चोरून जास्त घातला.

नगरपालिकेच्या इंजिनियर बाई भर दुपारी तपासायला आल्या. त्यांच्याकडे भिंतीवर रोखायचं तापमानाचं यंत्र होतं. आतली भिंत बाहेरच्याइतकीच तापलेली. मग बाईंनी भोक पाडायला लावलं. ड्रिल आरपार गेलं, पण वाटेत रिकामं काही लागेना.

"मधली जागा कुठाय?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, या घरात तुम्हाला ती कुठेच सापडायची नाही," ओळंबा म्हणाला. त्याला वाटलं, कौतुक चाललंय.

बाईंनी कागदावर नापास लिहिलं. लेक रडली नाही, भांडली नाही. "बाबा, खोली सोडायला अठरा दिवस राहिलेत," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो छिन्नी घेऊन भिंत उकरायला बसला. दोन छिन्न्या मोडल्या, भिंत काही उकरली नाही. स्वतःच्या कामाने हरलेला गवंडी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. थोडा खूशही दिसत होता.

मग आम्ही दोघं बाईंच्या कचेरीत गेलो. त्याने एकच विचारलं, दुहेरीतली पहिली भिंत किती जाड असावी हे नियमात आहे का. बाईंनी पानं उलटली, चष्मा पुसून पुन्हा उलटली. नव्हतं.

झालं. भरलेली अख्खी भिंत त्याने एक धरली, बाहेरून जोतं वाढवलं आणि दोन इंच सोडून आणखी एक भिंत उचलली. लेकीने मला स्टुलावर राखणीला बसवलं. रोज संध्याकाळी तो त्या फटीपाशी यायचा. एकदा हातात विटेचा तुकडा होता. "ठेव खाली," मी म्हणालो. त्याने तो फटीला लावून मापून पाहिला, मग ठेवला.

सतराव्या दिवशी बाई परत आल्या. बाहेर चाळीस, आत एकोणतीस. असा आकडा त्यांना गावात कुठे मिळाला नव्हता. ही पद्धत कोणती, असं त्यांनी विचारलं. ओळंबा म्हणाला, दोन भिंती माझ्या आणि एक तुमची.

दाखला मिळाला, मीटर बसलं. लेक सामान लावत होती तेव्हा हा बाहेर उभा राहून नव्या भिंतीवर मुठीने ठोकून पोकळ आवाज ऐकत होता. चेहरा कडू. लेक दारात येऊन म्हणाली, "बाबा, घर माझ्या नावावर आहे."

तो आत गेला आणि खाट भिंतीला लावू लागला.