आतली चिठ्ठी

"आतली चिठ्ठी टाकली का?" हाच आमच्या कुलगुरूंचा नमस्कार. आपण वाकून 'नमस्कार साहेब' म्हणावं, तर ते आपल्याला ओलांडून पोत्याकडे बघत.

कृषी विद्यापीठातली ज्वारीची काढणी तुम्ही पाहिली असेल, तर ठाऊक असेल. प्रत्येक वाणाची कणसं वेगळ्या पोत्यात. एक चिठ्ठी पोत्याच्या तोंडाला बांधायची, एक आत टाकायची. बाहेरची वाऱ्यानं जाते, उंदीर खातो. आतली राहते. सोनपेठकडच्या खेड्यातून आलेला हा माणूस एवढ्या मोठ्या खुर्चीवर बसून चिठ्ठ्यांच्या मागं का लागतो, म्हणून आम्ही टवाळी करायचो. झरीहून कामाला येणाऱ्या बाया तर गाडी दिसली की म्हणत, "आले बगा चिठ्ठीवाले!" ते त्यांना ऐकू जायचं. हसायचे, चपला बांधावर काढायचे आणि वाफ्यात शिरायचे.

त्यांचा स्वतःचा एक वाण तिथं होता, कमी पाण्यावर येणारा. कुलगुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून निवडत आणलेला. निवृत्तीआधी तो शेतकऱ्यांना देण्यासाठी मंजुरीला जायचा होता. शेवटच्या हंगामाच्या उत्पादनाचा आकडा तेवढा हवा होता, आणि त्या काढणीवर कृषी सहायक होतो मी.

त्या दुपारी अचानक आभाळ भरून आलं. मी ओरडलो, "नुसतं बांधा, आतली नंतर टाकू!" गोदामात बघतो तर दोन पोत्यांच्या चिठ्ठ्या गळालेल्या. त्यातलं एक साहेबांच्या वाणाचं. पण कोणतं? कणसं चोळून बघितली, दाणे चावून बघितले, आणि अंदाजानं नावं लिहून टाकली. कुणाला कळणार होतं?

चौथ्या दिवशी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं.

"आतली?"

"न्हाई टाकली, साहेब."

"तुमचा अंदाज बरोबर बी असंल की."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्यांनी नोंदवही ओढली आणि दोन्ही वाणांच्या त्या हंगामाच्या नोंदीवर रेघ मारली. "पर शेतकऱ्याला अंदाज कसा द्यावा?" एवढंच म्हणाले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

निरोप समारंभात वक्त्यांनी त्यांच्या नावावर इमारती मांडल्या, कमान मांडली, रस्ते मांडले. ज्वारीचा शब्द नाही. मी दोनदा उठून पाणी पिऊन आलो. या माणसाचं खरं काम माझ्यामुळं राहिलंय, हे उभं राहून सांगावंसं वाटत होतं. नाही सांगितलं. त्याची लाज अजून जात नाही.

यंदा तो वाण आम्ही पुन्हा घेतला. शिवलेली पोती मी उसवून आतली चिठ्ठी बघतो. बाया हसतात, "तुमालाबी सायबाचं वारं लागलं जनू!"

काल साहेबांना फोन लावला. आकडा चांगला आलाय, हे सांगायला वाक्यं जुळवून ठेवली होती.

पलीकडं जरा खोकला, आणि मग, "आतली चिठ्ठी?"

"हाय, साहेब. दोन-दोन टाकल्यात."

"मग ठीक हाय," म्हणाले आणि फोन ठेवला. आकडा विचारलाच नाही.

मी गोदामात गेलो आणि त्यांच्या वाणाचं पोतं पुन्हा उसवलं.