सुरमईचा महिना

फुटाळा तलावावर दर रविवारी सकाळी गळ टाकून बसणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. तो कामठीचा होता आणि बरीच वर्षं जहाजावर काढून आला होता, एवढंच कळलं. बसण्याआधी तो कोपरापर्यंत हात पाण्यात घालायचा, क्षणभर थांबायचा आणि मग जागा ठरवायचा. त्याच्याइतके मासे तिथे कुणालाच मिळत नसत.

एकदा मी त्याला माझ्या प्रवासाचा बेत सांगून सामानाची यादी दाखवली. वडिलांना एकदा तरी समुद्रात गळ टाकायचा होता. त्यांचे हात थरथरू लागले होते, म्हणून मी त्यांना जुलैत कोकणात न्यायचं ठरवलं. पावसाचं नवं पाणी आलं की आमच्या तलावात मासा लागतो, तसाच तिथेही लागेल, असा माझा अंदाज.

"रेनकोट काहून लिहिला जी?" तो हसला. "जुलैत दर्या खवळून राह्यते. होड्या रेतीवर पालथ्या पडल्या असतात. दिवाळी होऊ द्या. पानी निवळते, बारके मासे काठाशी येतात अन् त्याईच्या मागं सुरमई."

मी रजा डिसेंबरात घेतली. वडिलांच्या गळाला सुरमई लागली. परतल्यावर पहिल्याच रविवारी मी त्याला ते सांगितलं.

"त्याईलेच ओढू देल्ली ना? तुमी हात नाही ना लावला?"

माझा हात दोनदा पुढे गेला होता, पण मी लावला नव्हता.

"मंग झकास," तो म्हणाला. सुरमई केवढी होती, हे त्यानं विचारलंच नाही.